खुंटीला भोक लागतंच

मिरजेत, दस्तगीरचाचांच्या दुकानाच्या माळ्यावर
सकाळपासून लॅपटॉप मांडून बसले आहे.
खाली रंधा चालतोय.
वर माझ्यापुढं सत्तावीस प्लगिनं.

सत्तावीस.
मीच बसवली, दोन वर्षांत, एकेक करून.
फुकट होती, मिनिटात बसत होती,
आणि दर वेळी चाचांचा नातू मोहसीन खूश.
एक पैसे घेतं, एक पावती फाडतं,
एक मराठीचं कानडी करतं, एक चोर अडवतं,
एक तानपुऱ्याचा फोटो बोटानं गोल फिरवू देतं.
कोइमतूरच्या बाई त्यावरच भाळल्या, खोटं कशाला बोलू.
आणि एक नुसतं पानावर बर्फ पाडतं.
मिरजेत. बर्फ.
कुठल्याशा डिसेंबरात बसवलं, मग काढायचं राहिलं.

परवा रात्री दोनला
त्यातल्या एकानं आपणहून कात टाकली.
सवलतवाल्याला ते पटलं नाही,
सणवाल्याला कळलंच नाही,
दोघांनी मिळून निम्म्याचं निम्मं केलं, त्याचंही निम्मं,
आणि उजाडलं तेव्हा बत्तीस हजारांचा तानपुरा
चार हजारांना गेलेला.
गिऱ्हाईक परभणीचं.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, मी म्हणाले.
चाचा हसले नाहीत.

सवलतवाल्याचं पान उघडलं. तीन वर्षं कुणी हात लावलेला नाही.
तळाशी करणाऱ्याची एकच ओळ:
मुलगी झाली आहे, यापुढं जमेल असं वाटत नाही.
मी त्याला कधी एक रुपया दिला नव्हता.
चिडायचं ठरवलं होतं, ते तिथंच राहिलं.

चाचा चहा घेऊन जिना चढून आले,
काखेत सताराची कोरी दांडी.
"गिऱ्हाईक म्हणतं, तरफा अकरा नकोत, तेरा लावा.
लावतो. घुमतं छान, नाही कशाला म्हणू?
पण खुंटीला भोक लागतंच, पोरी.
तार उद्या काढशील.
भोक कुठं काढून ठेवणार?"

मी डेटाबेस उघडला.
ज्यांना कधीच काढून टाकलं
त्यांचे तक्ते तसेच, ओळीनं,
रिकाम्या भोकांसारखे.

मग काय, सगळं हातानं लिहू? मी विचारलं.
पैसे घेणारं, चोर अडवणारं, सगळं? चार वर्षं जातील.
आता मात्र हसले.
"भोपळा काय मी पिकवतो?
तो भीमेकाठाहून येतो. लाकूड कर्नाटकातनं.
तार कोण ओढतं, त्याचं नावही ठाऊक नाही मला.
मी फक्त घ्यायच्या आधी टिचकी मारतो.
बद्द वाजला तर ठेव म्हणतो तिथंच,
फुकट दिला तरी."

दुपारभर टिचक्या मारत बसले.
कोण करतं हे? शेवटचं कधी दुरुस्त केलं?
उद्या हा सोडून गेला तर माझं काय अडेल?
बर्फ गेला.
सवलत गेली, सण गेला.
कानडी ठेवलं, धारवाडची दोन गिऱ्हाइकं आहेत.
फोटो फिरवणाऱ्यापाशी थांबले.
त्याच्यामुळं पान उघडायला नऊ सेकंद लागतात.
नऊ सेकंदांत माणूस निघून जातो.
पण कोइमतूरच्या बाई थांबल्या होत्या.
मोहसीन म्हणाला, ठेवा. चाचा म्हणाले, मला विचारू नका.
ठेवलंय. माझं मन अजून तयार नाही.

खाली मोहसीन परभणीला फोन लावतोय,
"ताई, ती किंमत जरा..."
आणि पुढं बराच वेळ नुसतं हं, हं.

चौदा उरलीत. त्यातल्या तिघांवर लाल टिंब: नवी आवृत्ती आली आहे.
बटणावर नेलेलं बोट मागं घेते,
आधी सगळ्याची एक नक्कल काढून ठेवते.
खाली चाचा तारेखाली सूत सरकवतायत,
पुढं, मागं, केसभर पुढं.
अजून जवारी लागलेली नाही.