एकच पास

एका पेशंटमागे एकच माणूस,
म्हणून आम्हा दोघांत पिवळ्या पुठ्ठ्याचा एकच पास.
सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला,
सिव्हिलच्या गेटपाशी, शहाळ्याच्या गाडीला टेकून
तो तिच्या हातातून माझ्या हातात,
माझ्या हातातून तिच्या.
चोवीस दिवस संसार तेवढाच.
"ताप?" "नाही."
"सुई?" "लागली. डावीकडं."
"रडली?" "थोडी."
आणि नागमणी अशोक चौकाच्या रिक्षात बसते,
विडीच्या तंबाखूचा वास माझ्या बोटांवर ठेवून.

मला सगळं पाठ आहे.
मौनिका, वय सहा, वजन पंधरा किलो आठशे,
प्लेटलेट काल अठरा हजार, आज बावीस.
जाड फायलीत माझं नाव एकदाच,
अगदी खाली. नातं: वडील. सही.

तहसीन मॅडम आल्या ती दुपार बेचाळीसची होती,
पंखा गरम हवाच ढवळत होता.
"जेवलात?"
मी म्हटलं, दोन चमचे पेज, अर्धं बिस्कीट, उलटी नाही.
"तिचं नाही हो. तुमचं विचारतेय."

आता याला काय सांगायचं असतं?
सोळा वर्षं मी टॉवेलच्या मागावर आहे, एमआयडीसीत.
तिथं ताण्यातला एक धागा तुटला
की त्याच्यावरची पत्र्याची पिन खाली पडते
आणि अख्खा लूम जागच्या जागी थांबतो.
कुणी ओरडावं लागत नाही.
मी मॅडमना पिनेबद्दलच सांगत बसलो,
केवढी असते, एका मागाला किती हजार लागतात.
त्यांनी घड्याळ बघितलं नाही.
मग म्हणालो, माझ्यातली पिनच पडत नाही मॅडम.
किती धागे गेलेत, माहीत नाही.
चालूच आहे, चालूच आहे, कापड मात्र...
शेजारच्या कॉटवरच्या बाईनं
तोंड भिंतीकडं फिरवलं. माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी मिळाली, शिक्क्यासकट:
सात ते साडेसात, आई-वडील दोघेही.
तेवढा वेळ सिस्टर मुलीजवळ बसतील.
वॉचमननं दोनदा वाचली, तिसऱ्यांदा उलटी धरून.

एक्स-रेच्या खोलीबाहेरचा बाक.
नागमणीनं डबा उघडला: कडक भाकरी, शेंगाचटणी.
बोलायचं काय, दोघांनाही सुचेना.
"हजार विड्या व्हायच्या," ती म्हणाली,
"आता सातशेच्या पुढं मोजणं चुकतं.
छाट जास्त निघते."
मग बराच वेळ ती झाकणाला बोट घासत राहिली.
"परवा मनात आलं,
संपावं हे. कसंही संपावं.
घरी जाऊन देवापुढं गालात मारून घेतलं मी."

समोरून कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं, एक चाक कुरकुरत.

"माझ्याही," मी म्हणालो. "मंगळवारी."

तिनं बघितलं माझ्याकडं.
चोवीस दिवसांत, पास द्यायचा नसताना,
पहिल्यांदा.
रागानं की कशानं, मला कळलं नाही.
नंतर भाकरीचा तुकडा कडकन मोडला
आणि आमच्या घरच्या बोलीत विचारलं,
"तिन्नावा?"
जेवलास का?
मी नाही म्हणालो. खरं तेच.

साडेसातला सिस्टरनं वरून हाक मारली,
तेव्हा पास कुणाकडं आहे ते दोघांनाही आठवेना.
डब्याखाली सापडला.
एका कोपऱ्यात चटणीचं तेल उतरलं होतं,
आणि मौनिकाच्या नावातली वेलांटी
थोडी फुगली होती.