पोटोरू आणि कुत्र्याची छत्री

साहेबांनी कागद दिला. म्हणाले, दोन रकाने पाडा,
एकात दुर्मीळ, एकात सामान्य,
शाळेच्या पोरांना एका नजरेत फरक कळायला हवा.

दुर्मीळ माझ्या ताब्यातच होता.
खण एक्केचाळीस, डांबरगोळ्यांच्या वासात,
काचेचे डोळे, त्यातला एक जरा तिरळा:
पोटोरू.
नावातच पोट, आणि पोटाला पिशवी.
नोकरीच्या पहिल्या वर्षी, कोणी नसताना,
मी तिच्यात बोट घालून पाहिलं होतं.
काथ्या लागला.

सामान्य आणायला आरेत गेले.
बारकी वरठा पुढे, मी चिखलातून चपला हातात घेऊन मागे.
कुजक्या ओंडक्यावर ती उभी होती, शंभर-दीडशे,
एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून.
"ही होय? ही तर कुत्र्याची छत्री," बारकी म्हणाली,
पण पाय मात्र बाजूनं टाकला.
खायची अळंबी कुठे येते ते तिने सांगितलं नाही.
जागा सांगितली की ती रुसते, म्हणे.

दोन छत्र्या मी जेवणाच्या डब्यात घालून फोर्टात आणल्या.

मग लिहायला बसले.
वजन: किलोभर. वजन: फुंकर मारली तर नाही.
शिल्लक: शंभरएक, तेही दूर देशातल्या एका कड्यावर.
शिल्लक: बारकीला विचारलं होतं, हसली नुसती.
अन्न.
इथे पेन थांबलं.
पोटोरू खातो काय, तर अळंबी.
मातीखालची, वासावर हुंगून उकरलेली.
खातो आणि चालतो,
आणि त्याच्या लेंड्यांतून ती पुढच्या झाडाच्या मुळाशी पोचते,
झाड तिच्यावर जगतं, सावलीत हा.
डावीकडचं उत्तर उजवीकडे राहत होतं.
मधली रेघ पट्टीनं, शाईनं ओढलेली. पुसता येईना.

साहेब म्हणाले, उगाच गुंता नको, अन्नाची ओळ काढून टाका.
काढली.

दुपारी डबा उघडला. छत्र्या मलूल पडलेल्या,
आणि खालच्या झाकणावर
तपकिरी भुकटीचं चक्र, रेघन् रेघ उमटलेलं,
रांगोळीसारखं, पण कुणीच न काढलेलं.
धुवायला नळाशी गेले होते खरी.
मग नळ तसाच ठेवून
आवारातल्या जुन्या उंबराखाली वाकले
आणि कोणी बघत नाही असं पाहून
झाकण झटकलं.