पत्ता

आईकडे पाकिटं लिहायच्या दोन तऱ्हा होत्या.
वीज कंपनीला लिहिताना आधी नाव,
मग गल्ली, मग हेर्ने, मग जर्मनी.
बाबा म्हणायचे, बरोबरच आहे,
माणूस पुढे चालतो, जग त्याच्या मागून येतं.
ते खाणीतून वर यायचे तेव्हा
त्यांच्या मागून फक्त खोकला यायचा.

आजीला लिहिताना आई दुसऱ्या टोकाकडून शिरायची:
आधी कोरिया, मग दक्षिण जल्ला,
हेनाम, सोंगहो, पर्सिमनच्या झाडामागचं घर,
आणि पार खाली, कडेला उरलेल्या जागेत
अंग चोरून बसलेली आजी.
मला वाटायचं, ती खरंच तेवढीशीच असणार.

काशूबेकबाईंना आई एकदा म्हणाली,
"आपला नवरा आज रात्रपाळीला आहे."
बाई जिन्यातच बसल्या हसत, हातात बटाट्याची साल तशीच.
"आपला? मग पगारही आपलाच का गं?"
आईनं शब्द बदलला.
पुढची चाळीस वर्षं 'माझा' म्हणण्याआधी
ती किंचित थांबायची,
दुसऱ्याच्या ताटातलं उचलताना थांबावं तशी.

एकदा वाटेत कुठेतरी पाकीट भिजलं.
खालची ओळ गेली, म्हणजे आजीच गेली.
सोंगहोच्या पोस्टमननं पत्र दारोदार वाचून दाखवलं.
तीन महिन्यांनी खोकं आलं:
सुकी मासळी, आणि अकरा उत्तरं.
त्यातलं एक तर आईला न आठवणाऱ्या माणसाचं.
त्याची गाय व्याली होती.
"दुसऱ्याचं पत्र फोडतात म्हणजे काय!"
बाबा दोन दिवस धुमसत राहिले.
तिसऱ्या दिवशी, बूट बांधता बांधता:
"गोऱ्हा की कालवड?"

आणि मी?
मला अजून पाकीट हातात घेतलं की
पेन कुठे टेकवायचं ते सुचत नाही.

ज्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं नर्स म्हणून काढली
तिथेच शेवटी तरुण डॉक्टरनं तिला विचारलं, "नाव?"
आईनं डोळे मिटले, आणि लांबून निघाली.
कोरिया.
दक्षिण जल्ला.
हेनाम.
डॉक्टर थांबला, पहिल्याच रकान्यावर पेन टेकवून.
सोंगहो, ती म्हणाली. झाड.
मग दम लागला.

मी सांगू शकले असते: जोमरे.
पण ती अजून वाटेत होती
आणि घर दिसायला लागलं होतं.