डावा कान मंचाकडे

पास दोन आलेत, जाड हातकागदावर छापलेले.
फेटरीच्या अलीकडे, काटोल रोडवरून डावीकडे वळा,
आणि गवत संपेपर्यंत चालत या, म्हणे.
गवत कुठं संपतं ते लिहिलेलं नाही.

जानेवारीचा दुसरा शनिवार,
सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी सुरुवात.
"म्हणजे मारवा असणार," पुंडलिक म्हणाले
आणि कानटोपी शोधायला उठले,
जणू गाडी खाली उभीच आहे.
अजून सोळा दिवस आहेत.

ब्लाउजांच्या मापांची माझी वही,
तिच्या मागच्या पानावर मी लिहितेय:
सतरंजी एक, जुनीच, कारण कुसळं.
ती एकदा चांगल्या कापडात शिरली
की होळीपर्यंत टोचत राहतात.
थर्मास दोन, एक बिनसाखरेचा.
ओडोमॉस. बॅटरी. रक्तदाबाची सातची गोळी.

हेमलता भोयर फोनवर:
"खुर्च्या नाही काय वो तिथं?
मंग हे गुडघे कायले घेऊन येऊ मी?"
म्हटलं, गुडघे ठेव घरी, कान आण.
ती खूप हसली.
फोन ठेवल्यावर पाहिलं, हे पेपर वाचत होते,
किंवा पेपर समोर धरून बसले होते.

उजवा कान गेलाय त्यांचा.
एकतीस वर्षं आर.एम.एस.च्या डब्यात
रात्रभर पत्रं लावली, इटारसी, बल्लारशा, पुन्हा इटारसी,
उघड्या दाराकडे नेहमी उजवी बाजू.
डाव्यात अजून थोडं येतं.
"षड्ज येते," म्हणतात,
"निषाद येता येता राहून जाते."

परतायला हेमलताच्या भाच्याचा टेम्पो.
संत्र्याच्या पेट्या त्या दिवशी नाहीत, मोकळाच आहे.
प्रफुल्ल म्हणाला, "मावशी, साडेनऊच्या पुढं नाही थांबणार मी,
दव पडते, काचा धुसर होऊन राह्यते."
दव पडलं की तंबोरेही उतरतात,
ते आयोजकांनी पाहावं. मी शालींचं पाहते.

पण मुख्य प्रश्न जागेचा.
तो वहीत लिहून सुटेना,
म्हणून काल रविवारी आम्ही जाऊन आलो.

मंच नव्हता. चार बांबू रोवलेले,
त्यांना चिंध्या बांधलेल्या, एक लाल, तीन कसल्याही.
आणि भोवती कमरेइतकं पिवळं गवत,
वारा आला की सगळं एका अंगाला कलणारं.
मी बांबूंकडे तोंड करून उभी राहिले,
मग यांना उजवीकडे नेलं, आणखी उजवीकडे,
खाली बसवलं, मान सरळ ठेवा म्हटलं.
इथून डावा कान नेमका मंचाकडे.

मग मी कुठं?
डावीकडे बसले तर गाणं माझ्यावर अडणार.
म्हणजे उजवीकडे.
म्हणजे तीन तास मी काही बोलले
तर ते यांच्यापर्यंत जायचं नाही.
"चालते," म्हणाले. मी काय विचारलं ते न ऐकता.

बसलो तसेच. समोर कुणी नाही.
टिटवी ओरडत गेली डोक्यावरून.
यांनी बोट वर केलं:
"कोण होय?"
मी उत्तर दिलं, अर्थात चुकीच्या कानाला.
मग त्यांच्या मांडीवर हात ठेवून
दोनदा टिचकी मारली. एक लांब, एक आखूड.
त्यांनी मान हलवली,
टिटवी समजले की आणखी काही, कुणास ठाऊक.

घरी आल्यावर मोज्यांत कुसळंच कुसळं.
दिव्याखाली बसून एकेक काढली, सातव्या नंबरच्या सुईनं.
ते स्टुलावर पाय ठेवून गप्प.
मधेच एक सूर लावला, बराच खालचा, आणि सोडून दिला.

वहीत भर घातली:
मोजे काळे नकोत, कुसळ दिसत नाही.
सुई.