राननाचणी

सामना चहासाठी थांबला होता.
धावांची वही माझ्या मांडीवर उघडी,
आणि माळी घाडी मिड-ऑनच्या जागी उकिडवे बसून
कुणाची मान धरावी तसं
गवताचं एक बूड धरून होते.

"हयसर ये. ही हरळी न्हय."

हरळी पळते, म्हणाले,
कांड्या-कांड्याला मूळ टाकत
इथून निघते ती थेट साइटस्क्रीनपर्यंत.
ही बसते.
बूड बघ. चपटं, पांढरं,
धुतलेल्या लेंग्याच्या नाडीसारखं.
पान मधोमध दुमडलेलं.
वर बोटं : चार, कधी पाच, कधी सहा,
आणि बरेचदा एक जरा खाली,
पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं.

बोट पालथं कर.
दाणे एकाच अंगाला, दोन ओळींत,
पँटीच्या चेनीसारखे.
टोकाला चोच पुढे आलेली असली
तर ती दुसरी. तिची बोटं आखूड.
तिचं नाव उद्या सांगतो.

मग ओढली. एका हाताने. नाही आली.
दोन्ही हातांनी, टाच रोवून.
आली ती वाटीभर माटुंगा घेऊनच.

"हिची भयण गावाक भाकरीक लागता.
हिका कोण इचारता?"

तेविसाव्या षटकात
चेंडू हिच्यासारख्याच एका झुबक्यावर पडून
घोट्याइतकाच उठला होता,
आणि करंदीकर त्रिफळाचीत, चव्वेचाळीसवर.
मी गोलंदाजाचं नाव लिहिलं.
गवताला वहीत रकाना नसतो.

एप्रिलात घाडी निवृत्त झाले.
दुसरीचं नाव राहूनच गेलं.
आता यंत्र येतं, बुधवारी.
ही पात्याखाली अंग टाकून पडून राहते
आणि गुरुवारी बोटं वर काढते.

मला ती आता कुठेही दिसते.
वडाळ्याच्या डेपोपाशी, फरशीच्या फटीत,
किंग्ज सर्कलच्या पुलाखाली, जिथे रिकामे क्रेट रचतात.
मी वाकतो. मोजतो.
चार. आणि तो उशिरा आलेला.

परवा एका बाईंनी विचारलं,
किल्ली पडली का हो?
मी बोट पालथं करून पुढे धरलं.
त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली,
चष्मा कपाळावर ढकलला,
नाक अगदी दाण्यांपर्यंत नेलं.

"अगबाई," म्हणाल्या, "चेन!"