चार, आणि मग काळोख

नाटे बंदर. बर्फाच्या कारखान्यात
तापमान राखणारा तळहाताएवढा बोर्ड
रात्रीपासून मुका.
पडदा नाही, कळा नाहीत. बोलायला त्याच्याकडे
दोनच दिवे, मोहरीएवढे.

लाल पेटलेला: वीज पोचतेय.
हिरवा मिचकतो, थांबतो, मिचकतो.
मी मोजते. कुणीतरी "चहा घेणार?" विचारतं,
आकडा निसटतो. पुन्हा पहिल्यापासून.

लाद्यांसाठी ताटकळलेले उस्मान सोलकर
खांद्यावरून वाकतात.
"चार," म्हणतात. "चार, नि मग लांब काळोख.
हा कुठचा दिवा? आपल्या किनाऱ्याला असा नाय."
चाळीस वर्षं मिचकण्यावरून
घरचं बंदर ओळखलेला माणूस.

चार म्हणजे कार्ड वाचता येत नाही.
काढलं. सोनेरी पट्ट्यांवर
खाऱ्या हवेची हिरवट साय.
त्यांच्या नातीच्या दप्तरातल्या खोडरबराने घासलं,
फुंकलं, बसवलं.

हिरवा आता वेडावाकडा, घाईत,
कुणालाच मोजता न येणारा.
"बिघडला?"
"नाही चाचा, कामाला लागला."

तेवढ्यात कॉम्प्रेसर घरघरतो
आणि लाल
क्षणभर मिटून उघडतो.

ते दुखणं वायरीचं.
ते उद्या.