नंबर बदललास तर

टेबलाचा एक पाय आखूड आहे,
त्याखाली मी हळदीच्या पोत्याची घडी सारलीय.
बसमतच्या कॉलेजात, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली
सकाळपासून सतरा पोरं आली,
त्यातली नऊ बिस्किटासाठी. येऊ द्या, बिस्किटाचं काय.

तू मघापासून गाडीला किल्ली लावून उभा.
'ताई, मणक्यात सुई खुपसतात म्हणे?'
कोण म्हणे?
'म्हणायलेत सगळे.'

ये वाजीद. नाव तुझ्या नंबरप्लेटवरच आहे.
अठरा पूर्ण ना?
ही कापसाची काडी. भाकरीचा कण अडकल्यावर
गालात जीभ फिरते, तशी फिरवायची. झालं.
आज सुई नाही. बहुतेक कधीच नाही,
हजारोंत एखाद्यालाच हाक येते.

आलीच, तर चार-पाच दिवस बारीक सुया,
हळद खांदून अंग ठणकतं तेवढं ठणकेल.
मग काही तास खुर्चीत. एका हातातून रक्त निघतं,
मशीन त्यातलं लागेल तेवढं वेचतं,
बाकीचं दुसऱ्या हातानं परत.
गेलेलं काही आठवड्यांत भरून येतं.

माझा भाऊ मन्मथ.
एका गोधडीसाठी आम्ही भांडलो,
लोक म्हणायचे, नाक बहिणीचंच.
नाक जुळलं. आतलं नाही जुळलं.
सख्ख्यातसुद्धा चारात एक, डॉक्टर म्हणाले,
आणि आम्ही दोघंच.
बांधावरून तेरा वर्षं अबोला धरलेले चुलते
लेकरांसकट आले, गाल उघडून बसले.
त्यांचंही नाही.

मग फोन आला : यादीत एक आहे.
कोण, कुठला, कुणाचा, सांगत नाहीत.
त्या बिननावाच्या माणसासाठी
आईनं उडदाचे पापड लाटले.

त्याला फोन लावला त्यांनी. पुन्हा लावला.
हा क्रमांक अस्तित्वात नाही.

मी चिडले नाही. खोटं कशाला, चिडले.
पण पोरं सिम बदलतात.
कुठंतरी स्वस्त रिचार्ज मिळालं असेल.
तो 'नाही' म्हणालाच नव्हता.
मन्मथ गेला तेव्हा गावभर हळद शिजत होती.
डबा अजून फळीवर आहे.

म्हणून बसते इथं.
तुला 'नाही' म्हणायचं असेल तर आत्ता म्हण,
चहा तरीही मिळेल.

घेतोस? हं. गाल फुगवू नकोस.
आता दुसऱ्या बाजूनं.
इथं सही. इथं पत्ता. इथं अम्मीचाही फोन लिही.
आणि वाजीद,
नंबर बदललास तर
तेवढा कळव.